परवानगीचा संसार

‘सावत्र’ या शब्दाला आपल्याकडे चांगली संगत कधी लाभलीच नाही. ध्रुवबाळाला बापाच्या मांडीवर बसू न देणाऱ्या सुरुचीपासून ते सिनेमातल्या छळवादी सावत्र आईपर्यंत, हा शब्द आला की मागोमाग दुजाभाव आलाच. दिल्लीने निधी दिला नाही, की आपले पुढारीसुद्धा ‘सावत्रपणाची वागणूक’ म्हणून गळा काढतात. त्यामुळे अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातली एक व्याख्या पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला नवल वाटले होते. १९५२ च्या त्या कायद्यात ‘मूल’ कोणाला म्हणायचे याची यादी आहे आणि तीत सावत्र मुलाला सख्ख्याच्या पंगतीला बसवले आहे. अट एवढीच, की ज्या लग्नामुळे हे नाते जुळले ते लग्न मूल १८ वर्षांचे होण्याआधी झालेले असावे.

कायदा एवढा मायाळू असेल, तर १८ जून २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना एक वेगळी घोषणा का करावी लागली? ज्यांचा नवरा किंवा बायको अमेरिकी नागरिक आहे, पण ज्यांच्याकडे स्वतःचे कागद नाहीत, अशा सुमारे ५ लाख माणसांसाठी ती घोषणा होती. नागरिकांची सावत्र मुले असलेल्या सुमारे ५० हजार जणांचाही तीत समावेश होता. देशाबाहेर न जाता त्यांना ग्रीन कार्ड मागता यावे, असा योजनेचा हेतू. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे हे जोडीदार सरासरी २३ वर्षे अमेरिकेत राहत होते. म्हणजे यातले कोणी काल-परवा आलेले नव्हते. संसार मांडून झाले होते, मुले शाळा-कॉलेजात होती. लग्न खरे, नाते खरे, कायद्यात त्या नात्याला जागाही होती. मग अडले कुठे?

अडले ते दारात. ही माणसे देशात शिरली तेव्हा सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. आपल्याकडून अमेरिकेला गेलेले बहुतेक जण विमानतळावर उतरतात, रांगेत उभे राहतात, पासपोर्टवर शिक्का मारून घेतात. त्यातल्या एखाद्याचा व्हिसा पुढे संपला, तो तसाच राहिला आणि नंतर त्याने अमेरिकी नागरिकाशी खरेखुरे लग्न केले, तर त्याचे जास्त दिवस राहणे सहसा माफ होते आणि तिथल्या तिथे ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. पण जो नदी पोहून किंवा वाळवंट तुडवून आला, त्याला ही सोय नाही. त्याचे लग्न २० वर्षांचे असले तरी नाही. दोघांचाही अपराध बिनपरवाना राहण्याचा. पण एकाकडे पहिल्या दिवसाचा शिक्का आहे आणि दुसऱ्याकडे तो नाही.

हा शिक्का एवढा मोठा कसा झाला, याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि त्या वाटेवर दोन-तीन भारतीय नावेही भेटतील.

१८५५ साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, एक कायदा केला. अमेरिकी पुरुषाने परदेशी बाईशी लग्न केले, की ती बाई आपोआप अमेरिकी नागरिक. अर्ज नाही, परीक्षा नाही, वाट पाहणे नाही. बाई मात्र त्या काळच्या नियमांप्रमाणे नागरिक होण्यास पात्र, म्हणजे गोरी, असली पाहिजे. आज जोडीदाराच्या कागदांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांना हे परीकथेसारखे वाटेल. पण यामागे उदारपणा फारसा नव्हता. लग्नानंतर बाईला स्वतंत्र अस्तित्व उरत नाही, नवऱ्याचे गाव तेच तिचे गाव, हा विचार होता. आपल्याला तो अनोळखी नाही.

या विचाराची दुसरी बाजू १९०७ मध्ये दिसली. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवले, की अमेरिकी बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केले तर तिचे नागरिकत्व जाईल आणि तिला नवऱ्याचे राष्ट्रीयत्व लागेल. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेन्झी यांनी १९०९ मध्ये एका स्कॉटिश गायकाशी लग्न केले होते. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९१३ मध्ये एथेलबाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही आता नागरिक नाही. ज्या गावी जन्मल्या-वाढल्या, तिथेच त्या परक्या ठरल्या. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९१५ मध्ये हरल्या. न्यायालयाचे म्हणणे असे, की लग्न तुम्ही स्वखुशीने केलेत आणि त्याचा परिणाम काय होणार हे तुम्हाला ठाऊक होते. ‘ठाऊक होते ना, मग भोगा’ हा युक्तिवाद लक्षात ठेवा. तो पुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा भेटणार आहे.

स्त्रियांच्या संघटनांनी हा विषय लावून धरला. १९२० मध्ये देशभरच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि १९२२ मध्ये ओहायोचे प्रतिनिधी जॉन केबल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. लग्नामुळे बाईचे नागरिकत्व जाणार नाही, असे त्याने सांगितले. पण त्याला एक शेपूट होते. नवरा ‘नागरिक होण्यास अपात्र’ वंशाचा असेल, तर मात्र बाईचे नागरिकत्व जाईल. अपात्र म्हणजे मुख्यतः आशियाई. भारतीय अपात्र आहेत की नाहीत, हे तेव्हा नक्की ठरायचे होते. काही न्यायालयांनी भारतीयांना नागरिकत्व दिले होते, काहींनी नाकारले होते.

तो निकाल १९ फेब्रुवारी १९२३ रोजी लागला. भगतसिंग थिंद हे पंजाबी शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, म्हणजे बाहेरून आलेलेच होते. पुढे सरकारने ज्या हिंदुस्थानी लोकांना आधी नागरिकत्व मिळाले होते, ते काढून घ्यायला सुरुवात केली. आणि केबल कायद्याच्या त्या शेपटामुळे नवऱ्याबरोबर बायकोही अडचणीत आली.

तारकनाथ दास हे बंगाली क्रांतिकारक आणि विद्वान १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. १९२४ मध्ये त्यांनी मेरी या अमेरिकी बाईंशी लग्न केले. थिंद निकालामुळे दास यांचे नागरिकत्व धोक्यात आले आणि जन्माने अमेरिकी असलेल्या मेरीबाईंना अमेरिकी मानायलाच सरकार तयार होईना. १९२६ मध्ये त्यांनी ‘द नेशन’ या साप्ताहिकात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ ‘देश नसलेली बाई’ असा होता.

याच काळात लॉस एंजलिसमध्ये सखाराम गणेश पंडित नावाचे एक वकील होते. नाव आपल्या शेजारच्या वाड्यातले वाटावे असे. जन्म अहमदाबादचा, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. १९१४ मध्ये ते अमेरिकी नागरिक झाले, पुढे वकिली करू लागले, अमेरिकी बाईशी लग्न केले. थिंद निकालानंतर सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. पंडितांनी वंशाच्या वादात फार न शिरता वेगळा मुद्दा मांडला. तुम्हीच मला नागरिक केलेत. त्या शब्दावर विसंबून मी इथे व्यवसाय उभारला, घर केले, लग्न केले. आता तो शब्द मागे घेतलात, तर माझी वकिली जाईल आणि माझ्या पत्नीचे नागरिकत्वही जाईल. इतक्या वर्षांनी हे करणे न्यायाचे नाही.

पंडित खालच्या न्यायालयात जिंकले, १९२६ मध्ये अपील न्यायालयातही जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला आणि हिंदुस्थानी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम सरकारला गुंडाळावी लागली. माझ्या मते या सबंध इतिहासात पंडितांचा खटला फार मोलाचा आहे. एखादा माणूस वर्षानुवर्षे राहतो, संसार करतो, आणि त्या राहण्यातून काही हक्क तयार होतो का, हा प्रश्न त्यांनी न्यायालयासमोर ठेवला होता. मात्र त्यांच्याकडे मुळात एक नागरिकत्वाचा कागद होता. ज्यांच्याकडे असा कोणताच कागद नाही, त्यांना हा युक्तिवाद करता येत नाही.

केबल कायद्याचे ते शेपूट १९३१ मध्ये कापले गेले. पण बाहेरच्या जोडीदाराला देशात आणण्याचा प्रश्न वेगळाच होता. तो १९२४ च्या स्थलांतर कायद्याने बिकट केला होता. नागरिक होण्यास अपात्र असलेल्यांना त्या कायद्याने प्रवेशच बंद केला. चिनी वंशाचे, पण अमेरिकी नागरिक असलेले काही पुरुष आपल्या बायकांना चीनमधून आणू पाहत होते. मे १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बायकांना प्रवेश नाकारला. आणि त्याच दिवशी दुसऱ्या निकालात चिनी व्यापाऱ्यांच्या बायका-मुलांना प्रवेश दिला, कारण व्यापाऱ्यांना चीनबरोबरच्या जुन्या तहाचा आधार होता. म्हणजे परदेशी व्यापाऱ्याची बायको येऊ शकत होती आणि देशाच्या नागरिकाची येऊ शकत नव्हती! १९३० मध्ये, १९२४ चा कायदा होण्यापूर्वी झालेल्या लग्नांपुरती दुरुस्ती झाली. बाकीचे ताटातुटीतच राहिले.

मग दुसरे महायुद्ध आले. लाखो अमेरिकी सैनिक परदेशांत होते, तिथे लग्ने झाली. डिसेंबर १९४५ मध्ये काँग्रेसने ‘वॉर ब्राइड्स’, म्हणजे युद्धकाळातल्या नववधूंसाठीचा कायदा केला. सैनिकांच्या बायका-मुलांना कोट्याची अट आणि बऱ्याच तपासण्या माफ झाल्या. जानेवारी १९४६ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून ‘अर्जेंटिना’ हे जहाज शेकडो वधू आणि तान्ही मुले घेऊन न्यूयॉर्कला निघाले. तीन वर्षांत या कायद्याखाली एक लाखाहून अधिक माणसे अमेरिकेत आली. सुरुवातीला आशियाई वधूंना याचा फायदा नव्हता. १९४७ मध्ये सैनिकांच्या बायकांपुरती वंशाची अट शिथिल झाली. सरकारने मनावर घेतले तर नागरिकाचे कुटुंब किती झटपट एकत्र येते, हे या तीन वर्षांनी दाखवून दिले.

पण याच कायद्याच्या पोटातून एक कटू खटलाही निघाला. एलेन नाउफ ही जर्मनीत जन्मलेली बाई हिटलरच्या काळात देश सोडून निघाली, इंग्लंडच्या हवाई दलात काम केले, युद्धानंतर जर्मनीत अमेरिकी लष्करी खात्यात नोकरी केली आणि १९४८ मध्ये एका अमेरिकी माजी सैनिकाशी लग्न केले. ऑगस्टमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली, तर तिला एलिस बेटावर अडकवून ठेवले गेले. कारण विचारले, तर ते गोपनीय! सुनावणीही नाही. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. परदेशी व्यक्तीला आत घेणे ही सरकारची मेहेरबानी आहे, तो तिचा हक्क नव्हे, असा त्या निकालाचा गाभा होता. वर्तमानपत्रांनी आणि काँग्रेसमधल्या काही सदस्यांनी आवाज उठवला, शेवटी सुनावणी झाली आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये एलेनबाई मोकळ्या झाल्या. बाई जिंकल्या, निकाल मात्र पुस्तकात तसाच राहिला.

यानंतर आला १९५२ चा तो कायदा, ज्यात सावत्र मुलांना सख्ख्यांच्या पंगतीत बसवले आहे. त्याने परदेशी नवरा आणि परदेशी बायको यांच्यातला जुना भेदही काढून टाकला. १९६५ मध्ये वंशावर आधारलेला कोटा गेला आणि नागरिकाचे जोडीदार, अल्पवयीन मुले आणि आई-वडील यांच्यावर संख्येची मर्यादाच उरली नाही. आज अमेरिकेत जी लाखो भारतीय कुटुंबे दिसतात, त्यांच्या मागे हा १९६५ चा कायदा आहे.

या टप्प्यावर एका शब्दाकडे लक्ष द्यायला हवे. तो शब्द म्हणजे ‘पॅरोल’. पॅरोल म्हटले की आपल्याला येरवड्याहून चार दिवस सुटून आलेला कैदी आठवतो. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. एखाद्याला रीतसर प्रवेश देता येत नाही, पण माणुसकीच्या किंवा सार्वजनिक हिताच्या कारणाने तात्पुरते आत राहू द्यायचे, याला पॅरोल म्हणतात. १९५६ नंतर हंगेरीतून पळून आलेल्या हजारो निर्वासितांना अमेरिकेने याच मार्गाने आत घेतले. ग्रीन कार्डाचा अर्ज देशात राहून कोणी करावा, याच्या कलमात १९६० मध्ये दुरुस्ती झाली. तपासणी होऊन ‘प्रवेश मिळालेला’ किंवा ‘पॅरोल मिळालेला’ माणूस हा अर्ज करू शकेल, असे त्यात लिहिले गेले. सीमा ओलांडून आलेल्या जोडीदाराला सरकारने पॅरोल दिला, तर त्याचा न मारलेला शिक्का मारल्यासारखा होतो. २०२४ ची सगळी योजना या एका शब्दावर उभी होती.

पण ती लागली का, हे समजायला १९९६ साल पाहावे लागेल. त्याआधी, १९९४ पासून, एक सोय होती. चोरवाटेने आलेला असलास तरी दंड भर आणि इथेच अर्ज कर. हा दंड पुढे हजार डॉलर झाला. जानेवारी १९९८ मध्ये ही सोय नव्या लोकांसाठी बंद झाली. डिसेंबर २००० मध्ये ती थोड्या काळासाठी पुन्हा उघडली आणि ३० एप्रिल २००१ ही शेवटची तारीख ठरली. त्या वसंतात लग्ननोंदणीच्या कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या होत्या. मुदत वाढवण्याचा प्रस्ताव सप्टेंबर २००१ च्या पहिल्या आठवड्यात सिनेटने संमत केला. मग ११ सप्टेंबर उजाडला, आणि ती मुदतवाढ अखेर झालीच नाही.

दरम्यान ३० सप्टेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेला कायदा लागू झाला होता. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून जो देशाबाहेर जाईल, त्याला तीन वर्षे परत यायला बंदी. वर्षभर किंवा अधिक राहिला असेल, तर दहा वर्षे. आता गंमत पाहा. चोरवाटेने आलेल्या बायकोला देशात राहून अर्ज करता येत नाही, म्हणून तिने मायदेशी जाऊन अमेरिकी वकिलातीतून व्हिसा आणला पाहिजे. आणि ती मायदेशी जायला निघाली, सीमेबाहेर पाऊल टाकले, की दहा वर्षांची बंदी लागू झाली. बेकायदा राहणाऱ्यांनी निघून जावे म्हणून केलेल्या कायद्याने त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवले.

या बंदीतून सूट मागता येते. त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराचे अथवा आई-वडिलांचे ‘कमालीचे हाल’ होतील, हे सिद्ध करावे लागते. मुलांचे हाल या हिशेबात स्वतंत्रपणे धरले जात नाहीत, मग ती मुले जन्माने अमेरिकी का असेनात. २०१३ पासून ही सूट देशात राहूनच आधी मागण्याची मुभा मिळाली, हे खरे. पण नंतरच्या काळात नुसत्या या अर्जाच्या निकालाला तीन वर्षांहून अधिक लागू लागले. आणि सूट हातात पडली तरी वकिलातीत जाऊन यावेच लागते. तिथे काही वेगळा आक्षेप निघाला, तर माणूस बाहेरच अडकतो.

सावत्र मुलांची गत आणखी नाजूक. १८ वर्षांच्या आत बेकायदा राहण्याचे दिवस मोजले जात नाहीत. म्हणजे अठरावा वाढदिवस झाला की घड्याळ सुरू, आणि १८० दिवसांनी दार लागले. आईच्या बोटाला धरून तिसऱ्या वर्षी आलेल्या मुलाला पहिली देशाची आठवणही नसते. पण साडेअठराव्या वर्षी तो स्वतःच्या नावावर गुन्हेगारासारखी बंदी घेऊन बसतो.

पॅरोलचा उपाय आधी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वापरला गेला. २००७ मध्ये इराकमध्ये बेपत्ता झालेल्या एका सैनिकाच्या पत्नीवर देशाबाहेर काढण्याची कारवाई चालू असल्याचे उघड झाले आणि देशभर संताप उसळला. बुश सरकारने तिला पॅरोल दिला. पुढे ओबामांच्या काळात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या जोडीदार, मुले, आई-वडिलांसाठी याचे रीतसर धोरण झाले. २०२४ मध्ये बायडेन यांनी तेच सर्वसामान्य नागरिकांच्या कुटुंबांपर्यंत नेले. १७ जून २०२४ पर्यंत लग्न झालेले हवे, जोडीदाराची सलग दहा वर्षे वस्ती हवी, गंभीर गुन्हा नको, सावत्र मूल २१ च्या आतले हवे. शुल्क ५८० डॉलर.

१९ ऑगस्ट २०२४ रोजी अर्ज घेणे सुरू झाले. २३ ऑगस्टला टेक्साससह १६ राज्ये न्यायालयात गेली. २६ ऑगस्टला न्यायालयाने मंजुऱ्या थांबवल्या. ७ नोव्हेंबरला, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा, टेक्सासमधल्या टायलर इथले न्यायाधीश कॅम्पबेल बार्कर यांनी योजना रद्द केली. कायद्यातला पॅरोल देशाच्या ‘आत घेण्यासाठी’ आहे. जो आधीच आत आहे त्याला आत घेणार कसे, असे त्यांचे म्हणणे. दार उघडे राहिले ते सात-आठ दिवस.

आणखी एक निकाल सांगायला हवा. बायडेन यांची घोषणा झाली १८ जूनला. २१ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मुन्योस खटल्याचा निकाल दिला. सँड्रा मुन्योस या अमेरिकी नागरिक, त्यांचे पती एल साल्वादोरचे. पती व्हिसासाठी मायदेशी गेले आणि अंगावरच्या गोंदणामुळे ते टोळीतले असावेत, या संशयातून त्यांना बाहेरच ठेवले गेले. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला राज्यघटनेने दिलेला नाही. त्यासाठी आधार कशाचा घेतला, तर एलेन नाउफच्या १९५० च्या निकालाचाही. एलिस बेटावरची ती बाई ७४ वर्षांनी पुन्हा न्यायालयात आली, पण दुसऱ्याच बाजूने.

या योजनेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी बाजूला सारणार नाही. नियम पाळून वर्षानुवर्षे रांगेत उभे राहणाऱ्यांवर हा अन्याय नाही का, असे ते विचारतात. आपल्या कितीतरी मराठी घरांतली मुले अशा रांगांत उभी आहेत, त्यांनाही हा प्रश्न पडतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. तेव्हा ‘गेले कशाला तसे?’ हा सूर आपल्याकडेही निघालाच. एवढा मोठा निर्णय काँग्रेसने घ्यावा, राष्ट्राध्यक्षाने फतवा काढून नव्हे, हा आक्षेपही पोकळ नाही. पण नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत मुळात संख्येची रांगच नाही, हे विसरून चालणार नाही. त्यांना माफ केले म्हणून दुसऱ्या कोणाचा नंबर मागे जात नाही. आणि शिक्षा होते ती नियम मोडणाऱ्या एकट्याला होत नाही. जो जन्माने नागरिक आहे, ज्याने काहीच मोडलेले नाही, त्या जोडीदाराला आणि मुलांना निवड करावी लागते, की देश सोडायचा की माणूस.

हा सगळा इतिहास वाचताना मला एक फरक सतत जाणवत राहतो. तो सवलत आणि हक्क यांतला. १९४५ चा नववधूंचा कायदा सवलत होता. तीन वर्षांनी संपला. हजार डॉलर दंडाची सोय सवलत होती, तारखेवर संपली. २०२४ ची योजना सवलत होती, आठवड्यात थांबली. मात्र बाईचे नागरिकत्व तिचे स्वतःचे, हे १९२२ आणि १९३१ मध्ये काँग्रेसने कायद्यात लिहिले, आणि ते कोणा राष्ट्राध्यक्षाला सहीसरशी पुसता आले नाही. १९०७ पासून १९३१ पर्यंत त्याला २४ वर्षे लागली. एथेल मॅकेन्झी खटला हरल्या, मेरी दास यांना लेख लिहावा लागला, संघटनांनी एकेक सभासद गाठला, तेव्हा कुठे ते झाले.

१९९६ चा कायदाही काँग्रेसनेच केलेला आहे आणि तो बदलायचा तर तिलाच बदलावा लागेल. तो होऊन ३० वर्षे होत आली. २०२४ च्या उन्हाळ्यात जी सावत्र मुले एकविशीच्या उंबरठ्यावर होती, त्यांनी तो दरम्यान ओलांडलाही आहे. पुढच्या वेळी योजना निघाली आणि वयाची अट तीच राहिली, तर त्यांची नावे तिच्यात बसणार नाहीत.